एकटीची झुंज : मिनी मॅडर्न फिस्क

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 माझ्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. मराठी वाचनालयाची शताब्दी, व्याख्याता मराठीचा प्राध्यापक आणि विषय मात्र एका अमेरिकन नटीचा! एका ज्येष्ठ सभासदांनी तर मला जिन्यातच गाठून विचारले, "का हो, आपल्याकडच्या नट्या संपल्या का?" त्यांना मी एवढेच म्हणालो, की व्याख्यान संपल्यावर हा प्रश्न पुन्हा विचारा.

तरीही थोडा खुलासा करायला हवा. या नगरीच्या ग्रंथालयांचे आणि अमेरिकेचे नाते जुने आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेस गेले आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून भारावले. पुढे १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बोर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले, आणि बडोदे संस्थानात खेडोपाडी पुस्तके पोहोचवणाऱ्या ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या गाडीतून, बैलगाडीतून गावोगाव जात असत. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत एक बाई आपल्या नाटकाच्या पेट्या घेऊन आगगाडीने गावोगाव फिरत होती. त्या पेट्यांत इब्सेनची नाटके होती. ज्यांना मोठ्या शहरांतल्या मोठ्या थिएटरांची दारे बंद केली गेली होती, त्यांतली ती एक. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे. तिचे नाव मिनी मॅडर्न फिस्क. अमेरिकन रसिक तिला आदराने 'मिसेस फिस्क' एवढेच म्हणत. आपण आपल्या रीतीने तिला फिस्कबाई म्हणू.

माझी आणि फिस्कबाईंची ओळख कशी झाली, तेही सांगतो. मी एम. ए. च्या वर्गात असताना आम्हां काही मित्रांचे एक हौशी नाट्यमंडळ होते. गंभीर प्रकृतीचे एक नाटक आम्ही तीन महिने खपून बसवले. गावातल्या एका नाट्यगृहाची तारीख घेतली, अनामत भरली, हस्तपत्रके वाटली. प्रयोगाच्या चार दिवस आधी व्यवस्थापकांनी निरोप धाडला, की त्याच संध्याकाळी जास्त भाडे देणारा एक कार्यक्रम आला आहे. तुमची अनामत घेऊन जा. वाद घालण्याचे आमचे वय होते, पण बळ नव्हते. तेव्हा या वाचनालयाच्या तत्कालीन कार्यवाहांनी आम्हांला हेच सभागृह दिले. वाचनाची टेबले भिंतीला लावली, वर्तमानपत्रांच्या काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या, आणि आमचा प्रयोग झाला. प्रेक्षक सत्तर-ऐंशी असतील. त्या दिवसांत, टेबले पुन्हा जागेवर लावताना, इंग्रजी विभागाच्या कपाटात अलेक्झांडर वुलकॉट या समीक्षकाचे १९१७ चे एक पुस्तक माझ्या हाती लागले. त्यात फिस्कबाईंचे अभिनयाविषयीचे आणि नाट्यव्यवसायाविषयीचे विचार संवादरूपाने दिले आहेत. नाट्यगृह नाकारले गेल्याचे दुःख ताजे असतानाच मी ते वाचले, म्हणूनही असेल कदाचित, पण ही बाई माझ्या मनात कायमची घर करून राहिली.

आता मूळ कथेकडे वळतो.

फिस्कबाईंचा जन्म १८६५ सालच्या डिसेंबरात न्यू ऑर्लिन्स येथे झाला. मूळ नाव मेरी ऑगस्टा डेव्ही. वडील टॉमस डेव्ही नाट्यव्यवस्थापक, आई लिझी मॅडर्न अभिनेत्री. आईच्या माहेरचे सारे घराणेच गाण्या-नाटकाचे. आपल्याकडे नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेल्या मुलांविषयी जे ऐकतो, तेच या मुलीच्या वाट्याला आले. रंगपटात झोपायचे, विंगेत जागे व्हायचे. वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तिने शेक्सपिअरच्या 'तिसरा रिचर्ड' नाटकातील छोट्या ड्यूक ऑफ यॉर्कची भूमिका केली, आणि १८७० मध्ये न्यूयॉर्कचे रंगमंच पाहिले. मुलांच्या म्हणून जेवढ्या भूमिका तत्कालीन नाटकांत होत्या, तेवढ्या तिने केल्या. बारा-तेरा वर्षांची असताना तर तिला 'लेडी ऑफ लायन्स' या नाटकात विधवा मातेची भूमिका देण्यात आली. शालेय शिक्षण तुटक तुटक झाले. खरी शाळा रंगभूमीच होती.

१८८२ मध्ये 'फॉग्ज फेरी' या नाटकातून प्रौढ नटी म्हणून ती न्यूयॉर्कपुढे आली. अंगकाठी लहानखुरी, केस तांबूस, चेहरा रूढ अर्थाने सुंदर म्हणावा असा नाही. पण डोळे बोलके आणि बोलणे चटपटीत. पुढच्या सात-आठ वर्षांत 'कॅप्रिस'सारख्या हलक्याफुलक्या, भावविवश नाटकांनी तिला लोकप्रियता दिली. पहिला विवाह टिकला नाही. १८९० मध्ये तिने हॅरिसन ग्रे फिस्क यांच्याशी विवाह केला आणि रंगभूमी सोडली. फिस्क हे 'न्यूयॉर्क ड्रॅमॅटिक मिरर' या नाट्यव्यवसायातील वजनदार साप्ताहिकाचे तरुण संपादक होते. संसाराच्या या तीन-चार वर्षांत बाई घरी बसल्या, म्हणजे रिकाम्या बसल्या नाहीत. त्यांनी एकांकिका लिहिल्या, खूप वाचले, आणि त्या वाचनात त्यांना इब्सेन भेटला.

अमेरिकेत इब्सेन तोवर कसा पोहोचला होता, याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. १८८३ मध्ये मोड्जेस्का या थोर पोलिश-अमेरिकन अभिनेत्रीने लुइव्हिल येथे 'अ डॉल्स हाऊस' सादर केले. पण नाटकाचे नाव बदलून 'थोरा' केले गेले, आणि शेवटी नायिका घर सोडून न जाता नवराबायकोचा समेट दाखवण्यात आला! नोराने दार ओढून घेतले, तर तिकीटखिडकीचेही दार बंद होईल, अशी भीती. आपल्याकडील रूपांतरकारांना आपण उगीच नावे ठेवतो. शेवट गोड करण्याचा मोह सार्वत्रिक आहे.

१८९३ मध्ये फिस्कबाई पतीच्याच 'हेस्टर क्रू' या नाटकातून रंगभूमीवर परतल्या. नाटक पडले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एम्पायर थिएटरात एका धर्मादाय कार्यासाठी दुपारचा एकच खेळ होता. त्यात त्यांनी नोराची भूमिका केली. हा एकच खेळ त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. हलक्याफुलक्या नाटकांतली ही नटी एवढ्या खोल पाण्यात उतरू शकते, याचे टीकाकारांना आश्चर्य वाटले. स्वतः बाईंनाही आपली वाट सापडली. त्यानंतर १८९७ मध्ये टॉमस हार्डीच्या कादंबरीवरून लॉरिमर स्टॉडर्ड यांनी रचलेल्या 'टेस' नाटकाने त्यांना पहिल्या प्रतीच्या अभिनेत्रींच्या पंगतीत नेऊन बसवले, आणि १८९९ मध्ये थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'वरून लँग्डन मिचेल यांनी लिहिलेल्या 'बेकी शार्प'ने ते स्थान पक्के केले.

श्रोतेहो, एरवी अशा कथेत येथून पुढे यशाची पायरी-पायरीने चढण असते. येथे मात्र नेमक्या याच वेळी दारे बंद होऊ लागली. हे कसे घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यात माणसांच्या दुष्टपणापेक्षा व्यवहाराची रचना अधिक आहे.

त्या काळी अमेरिकन नाटक म्हणजे फिरते नाटक. न्यूयॉर्कला खेळ लागायचा, गाजायचा, आणि मग कंपनी आगगाडीने देशभर निघायची. गावोगावच्या थिएटरांचे चालक उन्हाळ्यात न्यूयॉर्कला येऊन पुढच्या हंगामाच्या तारखा ठरवीत. हा सारा कारभार अत्यंत बेभरवशाचा होता. एकाच रात्रीसाठी दोन कंपन्यांना शब्द दिला जाई, कधी कंपनीच गावी पोहोचत नसे, कधी पोहोचलेली कंपनी परतीच्या भाड्याअभावी अडकून पडे. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

या गोंधळावर उपाय म्हणून १८९६ मध्ये सहा व्यावसायिक एकत्र आले : चार्ल्स फ्रोमन, अल हेमन, मार्क क्लॉ, एब्राहम अर्लँगर, सॅम्युअल निक्सन आणि फ्रेड झिमरमन. त्यांच्या या जुटीला 'थिएट्रिकल सिंडिकेट' असे नाव पडले. त्यांनी तारखांचा सारा व्यवहार एका कचेरीत आणला. थिएटरला हंगामभर खेळ मिळण्याची हमी आणि कंपनीला हंगामभराचा सलग मार्ग. येथवर कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नव्हते. परंतु अट अशी, की जो आमच्यामार्फत तारखा घेईल, त्याने दुसऱ्या कोणाकडूनही घेऊ नयेत. शिवाय मध्यस्थीचा मोबदला होताच. यातली खरी मेख पुढे आहे. देशातले प्रत्येक थिएटर ताब्यात घेण्याची त्यांना गरजच नव्हती. दोन मोठ्या शहरांमधल्या लोहमार्गावरील एका रात्रीच्या मुक्कामाची गावे हातात ठेवली, की पुरे. मोठ्या शहरात तुम्हांला थिएटर मिळाले, तरी तिथवर जाताना वाटेत चार रात्री खेळ नाही, म्हणजे चार दिवसांचे पगार, खाणावळ आणि आगगाडीचे भाडे अंगावर. कोणतीही कंपनी यात बुडालीच पाहिजे. दरवाजाला कुलूप न लावता फक्त वाट अडवायची, असा हा प्रकार होता.

प्रारंभी अनेक नामांकित नट विरोधात उभे राहिले. रिचर्ड मॅन्सफील्ड, नॅट गुडविन, फ्रान्सिस विल्सन यांनी जाहीर भाषणे केली. हॅरिसन फिस्क यांनी आपले साप्ताहिक या लढ्याला वाहिले आणि त्यापायी बदनामीचा खटलाही ओढवून घेतला. पण हंगाम जवळ आला, तसा एकेकाचा धीर सुटला. कोणाला चांगल्या अटी मिळाल्या, कोणाला भागीदारी. वर्ष-दीड वर्षात ही आघाडी विरली, आणि पहिल्या प्रतीच्या नटवर्गापैकी मैदानात ठामपणे उभ्या राहिल्या त्या प्रामुख्याने फिस्कबाई. जाणाऱ्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. प्रत्येकाच्या मागे तीस-चाळीस माणसांची कंपनी होती, आणि त्या माणसांना घरे होती. न जाणाऱ्या बाईच्याही मागे कंपनी होतीच, एवढेच मी नमूद करतो.

मग बाईंनी काय केले? जेथे थिएटर मिळेना, तेथे दुय्यम थिएटरे घेतली. तीही मिळेनात, तेथे सार्वजनिक सभागृहे, स्केटिंगचे हॉल, मिळेल ती जागा घेतली. 'टेस' आणि 'बेकी शार्प' करून न्यूयॉर्क जिंकलेली नटी अशा जागी उभी राहते, आणि लोक तेथेही येतात, हे दृश्य विलक्षण असले पाहिजे. या बाबतीत त्या अगदीच एकट्या नव्हत्या. जगद्विख्यात सारा बर्नहार्ट १९०६ च्या अमेरिका-दौऱ्यात सिंडिकेटच्या बाहेर होत्या, तेव्हा टेक्सासात त्यांनी चक्क तंबूत खेळ केले. मात्र बर्नहार्टबाई पाहुण्या होत्या. दौरा संपला, की पॅरिसला परत. फिस्कबाईंना याच देशात, याच वाटांवर, वर्षानुवर्षे फिरायचे होते.

१९०१ मध्ये फिस्क दांपत्याने न्यूयॉर्कला ३३ व्या रस्त्यालगतचे मॅनहॅटन थिएटर भाडेपट्ट्याने घेतले आणि त्याची दुरुस्ती करून स्वतःची कंपनी उभी केली. माझ्या मते हेच या लढ्याचे सर्वांत सुंदर फळ. तेथे 'मेरी ऑफ मॅग्डाला' झाले, १९०३ मध्ये 'हेडा गाब्लर' झाले, १९०४ च्या अखेरीस 'लिआ क्लेश्ना' आले. आणि तेथे एक वेगळा शिरस्ता निर्माण झाला. त्या काळच्या तारांकित नटनट्या आपल्याभोवती मुद्दाम सामान्य नट ठेवीत, म्हणजे आपला प्रकाश अधिक उजळ दिसावा. फिस्कबाईंनी उलट केले. जॉर्ज आर्लिससारखे कसलेले नट त्यांनी आपल्या कंपनीत घेतले, त्यांना वाव दिला, अगदी लहान भूमिकांचीही तालीम स्वतः घेतली. अनेक प्रवेशांत त्या स्वतः कडेला, पाठमोऱ्या बसत, आणि बोलणाऱ्या पात्राकडे प्रेक्षकांचे लक्ष जाऊ देत. पुढे आर्लिस हे स्वतःच मोठे नट झाले.

बाईंच्या अभिनयाविषयी थोडे बोलले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन अभिनय म्हणजे वक्तृत्व. दोन पावले पुढे यायचे, हात उंचवायचा, आणि खर्जातून वाक्य फेकायचे. टाळी आली, की ती मुरेपर्यंत थांबायचे. फिस्कबाईंनी हे सारे बाजूला ठेवले. त्यांचे बोलणे जलद, तुटक; मधेच थांबणारे आणि मधेच धावणारे. माणसे घरात जशी बोलतात, तसे. याचा अतिरेकही होई. मागच्या रांगांना शब्द ऐकू येत नाहीत, अशी तक्रार आयुष्यभर त्यांच्या मागे लागली, आणि त्यांच्या उच्चारांवर वृत्तपत्रांत विडंबनकविताही आल्या. ही तक्रार खोटी होती, असे मी म्हणणार नाही. मोठा कलावंतही सवयीचा कैदी होतो.

परंतु त्यांच्या अभिनयाचे मर्म बोलण्यापेक्षा न बोलण्यात होते. १९०८ मध्ये त्यांनी 'सॅल्व्हेशन नेल' हे नाटक घेतले. नाटककार एडवर्ड शेल्डन अवघा बावीस वर्षांचा, हार्वर्डमधून नुकताच बाहेर पडलेला. पहिला अंक न्यूयॉर्कमधल्या एका गलिच्छ दारूच्या गुत्त्यात, नाताळच्या आदल्या रात्री घडतो. नेल ही तेथे फरशी पुसणारी बाई. तिचा जिम नावाचा माणूस दारूत बुडालेला. गुत्त्यात गिऱ्हाइकांची ये-जा चालू आहे, आरडाओरड चालू आहे, आणि नेल जमिनीवर बसून आहे, झिंगून पडलेल्या जिमचे डोके मांडीवर घेऊन. सुमारे दहा मिनिटे! एक शब्द नाही, एक हावभाव नाही. पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, की त्या दहा मिनिटांत सारे थिएटर त्या न हलणाऱ्या बाईकडे पाहत होते. पुढे जिम तुरुंगात जातो, नेलची नोकरी सुटते, देहविक्रय की सॅल्व्हेशन आर्मी अशा दोन वाटा तिच्यापुढे उभ्या राहतात, आणि ती दुसरी वाट धरते. कथानक आज भाबडे वाटेल. परंतु गुत्ता, फरशी, बादली यांसह गरिबांचे खरे जग रंगमंचावर आले होते. युजीन ओनीलने ते तरुणपणी पाहिले, आणि खऱ्या रंगभूमीच्या अस्तित्वाची जाणीव आपल्याला प्रथम या नाटकाने झाली, असे त्याने पुढे शेल्डनला पत्राने कळवले. अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या नाटककाराचे डोळे उघडण्यात फिस्कबाईंच्या त्या मौनाचाही वाटा असावा, असे मानायला मला आवडते.

आणि इब्सेन? इब्सेनला प्रेक्षक नाही, हे व्यवस्थापकांचे पालुपद बाईंनी कृतीने खोडून काढले. 'हेडा गाब्लर'नंतर १९०७ च्या अखेरीस 'रॉसमर्सहोम', १९१० मध्ये 'पिलर्स ऑफ सोसायटी'. 'रॉसमर्सहोम'सारखे कडक, उदास नाटक त्यांनी आडगावांपर्यंत नेले, त्याचे जवळजवळ दोनशे प्रयोग केले, आणि तेही नफ्यात, असे त्यांनी अभिमानाने सांगितले आहे. इब्सेन वाईट चालतो, कारण तो वाईट केला जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. चांगले पुस्तक कोणी वाचत नाही, असे जेव्हा आपल्या वाचनालयाच्या बैठकीत कोणी म्हणतो, तेव्हा मला हा मुद्दा हटकून आठवतो.

आता या लढ्याचा शेवट सांगायला हवा, आणि तो गोड नाही. 'थोरा'प्रमाणे तो बदलण्याचा मला अधिकार नाही. सिंडिकेटला खरा शह मिळाला, तो फिस्कबाईंच्या निष्ठेने नव्हे, तर शुबर्ट बंधू नावाच्या दुसऱ्या एका व्यापारी घराण्याने. त्यांनी स्वतःची थिएटरे बांधली, विकत घेतली, आणि स्वातंत्र्याचा झेंडा घेऊन सिंडिकेटशी टक्कर दिली. बाईंनी काही काळ त्यांच्या थिएटरांचा आसरा घेतला. पुढे त्यांच्या ध्यानात आले असणार, की एका मक्तेदारीच्या जागी दुसरी येत आहे. १९१० च्या सुमारास फिस्क दांपत्याने जुन्या प्रतिपक्षाशी समेट केला. तोवर बारा-तेरा वर्षे लोटली होती. मॅनहॅटन थिएटर हातचे गेले, पाडले गेले, आणि त्या जागी गिंबल्सचे भलेमोठे दुकान उभे राहिले. फिस्क यांना १९११ मध्ये आपले साप्ताहिक विकावे लागले. संसारावर कर्ज झाले, आणि बाईंना पुढे विनोदी नाटके घेऊन दौऱ्यामागून दौरे करावे लागले. सिंडिकेट १९१६ पर्यंत विरून गेले. शुबर्टांची सत्ता मात्र दीर्घकाळ चालली. नाट्यव्यवसायालाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शुबर्टांच्याच खटल्यात दिला, तो १९५५ मध्ये. योगायोग असा, की आर्ची बिन्स यांनी लिहिलेले फिस्कबाईंचे चरित्र प्रसिद्ध झाले, तेही १९५५ मध्येच. बाई तोवर जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

सत्याला धरून आणखी दोन गोष्टी सांगतो. एक, सिंडिकेटमधील सारीच माणसे कलाशून्य नव्हती. चार्ल्स फ्रोमन यांनी १९०५ मध्ये अमेरिकेला 'पीटर पॅन' दिले, मॉड ॲडम्ससारखी नटी घडवली. 'लुसिटानिया' बोट १९१५ मध्ये बुडाली, तीत ते गेले, तेव्हा शत्रूंनीही हळहळ व्यक्त केली. दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. सिंडिकेटचे बरेच भागीदार ज्यू होते, आणि त्या काळच्या वृत्तपत्री विरोधात ज्यूद्वेषाचा विखार मिसळलेला होता. न्याय्य लढ्याच्या पाण्यातही असे गढूळ ओघ येऊन मिळतात. शताब्दीच्या व्यासपीठावरून एखाद्या लढ्याची आरती करताना आपण हे गाळू नये.

आता थोडे त्या लढ्यापलीकडचे. फिस्कबाईंना प्राणिमात्रांविषयी विलक्षण कळवळा होता. बगळ्यांच्या विणीच्या हंगामात त्यांची शुभ्र पिसे काढून ती स्त्रियांच्या टोप्यांवर लावण्याची तेव्हा फॅशन होती. पिले घरट्यांत उपाशी मरत. बाईंनी या क्रौर्याविरुद्ध सतत आवाज उठवला. सापळ्यांत पाय अडकून तडफडणारी केसाळ जनावरे, पश्चिमेकडील कुरणांत हिवाळ्यात उपासमारीने मरणारी गुरे, बैलांच्या झुंजी, या सर्वांविषयी त्या दौऱ्यावर असतानाही बोलत, लिहीत. या कार्यात अनेकांचा वाटा होता, पण १९१३ मध्ये अमेरिकेने रानपक्ष्यांच्या पिसांच्या आयातीवर बंदी घातली, त्यामागच्या लोकमतात त्यांच्याही शब्दाचे वजन होते. दौऱ्यात वाटेवर सापडलेली बेवारशी कुत्री त्या उचलून आणीत. रंगमंचावर एक शब्द न बोलता बसू शकणाऱ्या या बाईला मुक्या जिवांची भाषा कळत असावी.

चित्रपटाने त्यांना दोनदा आमंत्रण दिले. १९१३ मध्ये 'टेस' आणि १९१५ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' हे मूकपट निघाले. पण ती त्यांची भूमी नव्हती. त्या परत रंगभूमीवर आल्या. १९२७ मध्ये, एकसष्ट वर्षांच्या असताना, त्यांनी इब्सेनच्या 'घोस्ट्स'मधील मिसेस आल्व्हिंग केली. शेरिडन आणि शेक्सपिअर यांच्या विनोदिकाही या काळात झाल्या. प्रकृती खालावत असतानाही काम चालू होते. १५ फेब्रुवारी १९३२ रोजी न्यूयॉर्कमधील हॉलिस येथे त्यांचे निधन झाले. तिसऱ्या वर्षी रंगमंचावर पाऊल ठेवलेल्या या स्त्रीने साठ वर्षांहून अधिक काळ त्याची सोबत केली.

आपल्या रंगभूमीशी त्यांचा थेट धागा नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याची मला इच्छाही नाही. एवढेच सांगतो, की त्यांच्या निधनानंतर दीडच वर्षाने, १९३३ मध्ये, मुंबईत 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणले. ते इब्सेनच्याच देशातील बियर्नसनच्या नाटकावरून घेतलेले होते, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. पुढे अनंत काणेकरांनी 'अ डॉल्स हाऊस'चे 'घरकुल' केले. नोरा ज्या वाटेने जगभर निघाली होती, त्या वाटेवर कुठे लुइव्हिल, कुठे न्यूयॉर्क, कुठे मुंबई. प्रत्येक ठिकाणी तिला कोणीतरी दार उघडून द्यावे लागले.

श्रोतेहो, नटाची कला ही त्याच्याबरोबर जाते. 'सॅल्व्हेशन नेल'मधली ती दहा मिनिटे आज कोणत्याही यंत्रावर पाहता येत नाहीत. ती उरली आहेत, ती पाहणाऱ्यांनी लिहून ठेवली म्हणून, ती पाने कोणी छापली म्हणून, आणि तशा पुस्तकांपैकी एक या वाचनालयाच्या कोणा अनाम ग्रंथपालाने विकत घेऊन, क्रमांक घालून, कपाटात लावून ठेवले म्हणून. ते पुस्तक माझ्याआधी कितीजणांनी नेले होते, हे मी मागच्या चिकटवलेल्या कागदावर पाहिले होते. तीन तारखा होत्या. तेवढ्या वाचकांसाठी हे पुस्तक ठेवणे कोणत्याही हिशेबात बसले नसते. ते ठेवले गेले, म्हणून आज आपण येथे तिच्याविषयी बोलत आहोत.

अलीकडे आपल्या वाचनालयापुढे एक प्रस्ताव असल्याचे आपण सर्वजण जाणतो. हे सभागृह वर्षभराच्या कराराने विक्री-प्रदर्शनांसाठी द्यावे, म्हणजे आर्थिक विवंचना मिटेल, असे काहींचे म्हणणे आहे. विवंचना खरी आहे; वीजबिल आणि सेवकांचे पगार आदर्शांनी भागत नाहीत, हे फिस्कबाईंइतके कोणाला ठाऊक असणार? मी कार्यकारी मंडळाचा सभासद नाही, निर्णय सांगण्याचा मला अधिकार नाही. अटी तपासताना एकच प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे : करार झाल्यावर एखाद्या पोरसवदा मंडळाला चार दिवसांच्या सूचनेवर ही टेबले भिंतीला लावता येतील का? येत असतील, तर करार खुशाल करावा. येत नसतील, तर सिंडिकेटच्या कचेरीतही प्रारंभी सोयीचीच भाषा होती, हे आठवावे.

जिन्यात भेटलेले ते ज्येष्ठ सभासद समोर तिसऱ्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. त्यांचा प्रश्न त्यांनी आता पुन्हा विचारावा.